सायव्वा अंगठा देत नाही

शिंदीचं दुकान बंद झालं, त्याच्या तिसऱ्या दिवशी सायव्वाक्काची मान फिरली.

आम्ही दोघी तिच्या ओसरीवर विड्या वळत बसलो होतो. तिचं आणि माझं घर एका भिंतीचं. तीस वर्षं मांडीवर सुपं घेऊन आम्ही अशाच समोरासमोर बसत आलोय. अख्ख्या येल्मगुट्टा गावात तिच्यासारखा हात कुणाचा चालत नसे. तोंडानं भांडण आणि बोटांनी विडी, दोन्ही एका वेगानं. त्या दिवशी मात्र तिला पान धरवत नव्हतं. बोटं थरथरत होती, जर्दा सुपाबाहेर सांडत होता आणि चैत्राच्या उन्हात तिला हुडहुडी भरली होती.

"बालमणी, जर्द्यात मुंग्या झाल्यात गं."

"कुठायत? मला नाही दिसत."

"डोळे फुटले का तुझे? ही बघ रांग. चढली मनगटावर."

तिनं हात झाडला, पुन्हा झाडला. मग कोपऱ्यात बघून अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "उठा की आता. मक्याचा गटका निवतोय, जेवून घ्या." कोपऱ्यात रिकामं पोतं पडलं होतं. तिच्या नवऱ्याला, एल्लय्याला, जाऊन सहा वर्षं झाली होती.

मी उठून तिच्याजवळ जाते तोवर तिची मान डावीकडे वळायला लागली. मागून कुणी केस धरून ओढावेत तशी. हनुवटी खांद्याला जाऊन भिडली आणि तिथंच अडकली. "सरळ कर, सरळ कर मला," असं ती दातांतून म्हणत होती. मी दोन्ही हातांनी लावलेला जोर तिच्या मानेला कळलाही नाही. मग तिचे डोळे वर गेले आणि अंगाला झटके बसू लागले. सूप उडालं. तोंडातून रक्ताचा फेस आला. जीभ चावली गेली होती.

त्या सोमवारी सरकारच्या अबकारी खात्याची जीप आली होती. दुकानातले हौद नाल्यात उपडे केले, दाराला सील ठोकलं, शिंदीत पूड मिसळणाऱ्या माणसाला धरून नेलं. नाल्याचं पाणी प्यायलेली दोन कुत्री सांजेपर्यंत उठली नाहीत, त्यावर गावात हसूसुद्धा झालं. आमच्यात बाईनं शिंदी प्यायची काही लाज नसते. पहिली धार पोचम्मा देवीला, मग आपल्याला. दिवसभर वाकून पाठीचा काटा ढिला होतो, संध्याकाळी एक बाटली घेतली की झोप लागते. मी घ्यायची, सायव्वाक्का घ्यायची, सगळी आळी घ्यायची.

गुरुवारपर्यंत गावात एकोणीस जण आडवे झाले. कुणी म्हशीशी बोलत होता, कुणी भिंतीवरची माणसं मोजत होता, तिघांच्या माना वाकड्या झाल्या होत्या. देवळाजवळ बसणाऱ्यांनी लगेच सांगून टाकलं, पोचम्माची शिंदी बंद केलीत, ती कोपली. मी मात्र अक्काला घेऊन एकशेआठच्या गाडीत बसले.

जिल्ह्याच्या दवाखान्यात खाटा कमी आणि माणसं जास्त. हातपाय आपटून घेऊ नयेत म्हणून सगळ्यांचे हात पट्टीनं खाटेला बांधलेले. दोन दिवस सायव्वाक्का शिव्या देत होती, आम्हाला दिसत नव्हती अशा माणसांना. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडले आणि बांधलेल्या हाताकडे बघून म्हणाली, "मी काय बैल आहे का गं?" तेव्हा मला रडू फुटलं.

तिथली डॉक्टरम्मा वयानं लहान, लांब वेणीची, पण बोलायला स्वच्छ. "शिंदीनं असं होत नाही," ती म्हणाली. "तुमच्या दुकानात झाडाची शिंदी नावालाच. बाकी पाणी, साखर, आणि झोपेच्या गोळ्या जिच्या करतात ती पूड. वर्षानुवर्षं ती पूड मेंदूला दाबून ठेवते. मेंदूपण मग तिच्याविरुद्ध जोर लावून राहायला शिकतो. एक दिवस तो दाब अचानक निघाला, की सगळा जोर उधळतो. हात कापतात, माना फिरतात, नसलेलं दिसतं, झटके येतात."

"मग आता तुम्ही मला काय देताय?"

"त्याच जातीची गोळी. मोजून. दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची. एकदम सोडलीत तर पुन्हा इथंच याल."

सायव्वाक्का म्हणाली, "म्हणजे तुम्ही मोजून देताय आणि सांगून देताय. त्या नर्सागौडानं मला विचारलं होतं का?"

नर्सागौड म्हणजे दुकानाचा ठेकेदार. अक्कानं लगेच पुढचं विचारलं.

"आणखी एक विचारू? विसरायला होतं का त्या पुडीनं?"

"होतं. त्या वेळचं मनात उमटतच नाही. नंतर कितीही आठवलं तरी सापडत नाही, कारण तिथं काही नसतंच."

"माझ्या रेणुकाचं लग्न मला आठवत नाही," अक्का म्हणाली. माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला. दोन वर्षांपूर्वीचं ते लग्न. अक्का मांडवात नाचली होती, विहिणीच्या गळ्यात पडून रडली होती, मला बळंबळं दोन लाडू जास्तीचे भरवले होते. "हळद लावली तिथवर आठवतं. त्यानंतर एकदम दुसऱ्या दिवशी मी भांडी घासतेय. मधलं फोटोत बघितलं. मला वाटलं, वय झालं. कुणाला सांगू? आईला लेकीचं लग्न आठवत नाही, हे तोंडानं कसं बोलू?" मग तिनं विचारलं, "आणि माझा नवरा? दोन बाटल्या पिऊन झोपला तो उठलाच नाही. हार्ट म्हणाले."

"आता काही सांगता येणार नाही हो. सांगितलं तर ते खोटं होईल."

सायव्वाक्कानं मान हलवली. तिला ते उत्तर पटलं असावं, कारण पुन्हा तिनं तो विषय कधी काढला नाही.

आता माझंही सांगते, लपवून काय करू. दवाखान्यातून परत आले तेव्हा माझेही हात कापायला लागले होते आणि मानेत ओढ सुरू झाली होती. शेजारच्या गावाहून कुणीतरी कॅन भरून आणला. मी धावत जाऊन प्याले. पाच मिनिटांत मान सैल झाली, जग पुन्हा मऊ झालं. अक्का तिथं खाटेला बांधलेली आणि मी इथं बाटली चाटत होते.

अकराव्या दिवशी दुकान पुन्हा उघडलं. सील कसं निघालं ते वरच्यांना ठाऊक. दुकानाचा लिलाव गावची कमिटी करते, त्याच्या पैशावरच देवळाचा कळस चढला, म्हणून कमिटीला दुकान हवं. कमिटीचा म्होरक्या लिंबारेड्डी. सगळे त्याला पटेल म्हणतात. त्यानं एक कागद करून आणला: 'उन्हानं आणि उपाशीपोटी चक्कर आली, शिंदीबद्दल आमची तक्रार नाही.' एकोणीसपैकी अठरा जणांनी अंगठे दिले. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली आणि मी ती केली.

मग ते दवाखान्यातून नुकत्याच घरी आलेल्या सायव्वाक्काच्या दारात आले. लिंबारेड्डी, त्याच्यामागे नर्सागौड, आणि गौडाच्या माणसाच्या हातात दोन भरलेल्या बाटल्या.

"सायव्वा, बरं वाटतं ना आता? हे घे, गौडानं प्रेमानं पाठवलंय. आणि इथं अंगठा लाव."

"कागदावर काय लिहिलंय, पटेला?"

"हेच, की ऊन लागलं."

"मला ऊन नाही लागलं. मला गौड लागला."

जमलेली माणसं हसली. लिंबारेड्डीनं वळून बघितलं तशी गप्प झाली.

"चांगल्या शब्दात सांगतोय. अठरा जणांनी दिलाय."

"मग अठरा पुरेत की. माझा कशाला?"

"गावाच्या विरोधात जाणार तू? एकटी बाई?"

"मी कुठं जात नाही, आपल्या दारात उभी आहे. तुम्हीच आलात."

नर्सागौड मधे पडला. गोरा, नीटनेटका, कपाळाला गंध लावणारा माणूस. "अक्का, माझ्या मालानं कुणाला काही होत नाही. पोरंसोरं पितात."

"तेच तर सांगतेय," ती म्हणाली. कागद तिनं परत केला. बाटल्या मात्र ठेवून घेतल्या आणि आत फळीवर नेऊन मांडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात डफडं फिरलं. सायव्वाशी कुणी बोलायचं नाही, तिला किराणा दुकानातून काही द्यायचं नाही, तिचं दळण दळायचं नाही. जो बोलेल त्याला दंड. विडीच्या कारखान्याच्या एजंटानं तिला पान-जर्दा देणं बंद केलं. पाण्याच्या नळावर ती आली की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या, मीसुद्धा.

पण भिंत एकच होती. पहिल्या दिवशी संध्याकाळी मला राहवेना. मी परसात जाऊन माझ्या शेळीला मोठ्यानं म्हणाले, "काय गं शेळे, जेवलीस का? पीठ आहे का घरात?"

पलीकडून अक्काचा आवाज आला, "ए कोंबडे, त्या शेळीला सांग, मका आहे, दळायला गिरणी नाही. जात्यावर भरडते. आणि सांग, शेळीची जीभ जड झालीय बोलताना. आजपण प्याली वाटतं."

मी प्यालेच होते. त्यानंतर रोज असंच बोलणं. शेळीचा दंड कुणी घ्यायचा?

पुढच्या तीन आठवड्यांत ती चार मैल चालत आरोग्य केंद्रात जायची आणि सिस्टरकडून आठवड्याच्या मोजक्या गोळ्या घेऊन यायची. रात्रभर झोप नाही. भांडं पडलं तरी दचकायची. हात पुरता थांबला नव्हता. पण एका दुपारी ती भिंतीपलीकडून कोंबडीला विसरून थेट मला म्हणाली, "बालमणी, मला आज कालचा दिवस आठवतोय. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळा. मधे कुठंही भोक नाही." तिचा आवाज ऐकून मी शेळीचं दावं हातात धरून नुसती उभी राहिले.

हळद शिजवायचे दिवस होते. कढया उतरल्या की कमिटी हॉलसमोर सालाची बैठक भरते, अख्खं गाव येतं. त्या सकाळीही भरली. लिंबारेड्डी बोलत होता, तेवढ्यात सायव्वाक्का चालत आली. माणसं बाजूला झाली. तिचा स्पर्श चालत नाही म्हणून नाही, दंडाच्या भीतीनं. तिच्या हातात त्याच दोन बाटल्या होत्या.

"तुला बोलावलं नाही," लिंबारेड्डी म्हणाला.

"तुम्ही माझ्याशी बोललात, पटेला. आता दंड भरा."

मागच्या बाजूला खसखस पिकली.

"मी अंगठा द्यायला आलेय," ती म्हणाली. "आणा तो कागद. उन्हानंच चक्कर आली असं लिहिलंय ना? चांगलं आहे. आज ऊनही आहे. ह्या गौडानं मला प्रेमानं पाठवलेल्या बाटल्या. गौडानं इथं सगळ्यांसमोर प्याव्यात. त्याला काही झालं नाही, तर मी दहाच्या दहा बोटं लावते."

नर्सागौड हसला. तो स्वतःच्या झाडाची ताजी शिंदी सोडून काही घेत नसे, हे गावाला ठाऊक होतं. "उगाच तमाशा कशाला, अक्का?"

"पोरंसोरं पितात म्हणालास. तू पोरापेक्षा मोठा आहेस की."

मागून कुणीतरी ओरडलं, "पी की गौडा! आम्ही रोज पितो!" मग आणखी एक, मग बायका. गौडाच्या गंध लावलेल्या कपाळावर घाम आला. पूड मिसळणारा जुना माणूस अजून कोठडीत होता आणि नव्याला मापाचा अंदाज नव्हता, धंदा परत बसावा म्हणून तो सढळ हातानं घालत होता. हे आम्हाला पुढे कळलं. गौडाला वाटलं असेल, दोन बाटल्यांनी काय होतंय. त्यानं पहिली एका दमात संपवली, दुसरी अर्धी प्याली, तोंड पुसलं आणि म्हणाला, "झालं समाधान? लाव अंगठा."

"घाई काय आहे? जरा बसू," म्हणून सायव्वाक्का पायरीवर बसली.

लिंबारेड्डी कालव्याबद्दल बोलू लागला. कुणाचंच लक्ष नव्हतं, सगळे गौडाकडे बघत होते. पाव तासानं त्यानं कालव्यावर काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द तोंडातच लोळायला लागले. तो उभा राहिला. नुकतं जन्मलेलं वासरू टाकतं तशी पावलं टाकत खांबापाशी गेला, खांबाला धरायला हात पुढे केला तो खांबाच्या बाजूनं गेला. लोक हसले. तो खाली बसला, आडवा झाला आणि घोरू लागला. हसणं आणखी वाढलं.

सायव्वाक्का तेवढी हसत नव्हती. ती उठून त्याच्याजवळ गेली, नाकासमोर हात धरला, दंडाला जोरात चिमटा घेतला. गौड हलला नाही. ओठ काळपट पडत होते.

"गप्प बसा सगळे!" ती ओरडली. "ह्याचा श्वास लांबतोय. एकशेआठला फोन करा. बालमणी, इकडे ये, पाय धर."

नाव घेऊन तिनं मला हाक मारली, भर बैठकीत. मी गेले. आम्ही दोघींनी त्याला कुशीवर वळवलं, तिनं त्याची हनुवटी वर उचलून धरली. लिंबारेड्डी कुणाकडून तरी लिंबाचं पाणी घेऊन आला.

"तोंडात काही घालायचं नाही!" तिनं त्याचा हात झिडकारला. "छातीत जाईल. दवाखान्यात मी बघितलंय. तुम्ही फक्त सावली करा, पटेला. धोतराची करा, पण करा."

आणि येल्मगुट्ट्याच्या पटेलानं उपरणं पसरून सावली केली. गाडी येईपर्यंत अर्धा तास अक्का त्याला हाका मारत होती, "गौडा, श्वास घे. घे रे बाबा. मरायचं असेल तर दुसरीकडे मर, माझ्यासमोर नाही." जेव्हा जेव्हा श्वास थांबल्यासारखा वाटे, ती त्याला पुन्हा चिमटा काढी. नंतर त्याचा दंड महिनाभर निळा होता म्हणे.

गौड वाचला. चौथ्या दिवशी घरी आला. गंमत अशी, की त्याला ती बैठक आठवतच नव्हती. "मी असलं काही प्यालोच नाही," तो शपथेवर सांगायचा, आणि खरं मनापासून सांगायचा. शेवटी त्याच्या बायकोनं, सुजातानं, कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं चित्रण त्याच्यापुढे धरलं. ते बघून तो दोन दिवस माडीवरून खाली उतरला नाही असं तिनंच नळावर सांगितलं.

पण तो बदलला वगैरे नाही. त्याच्या रक्तात काय सापडलं ते दवाखान्यानं लिहिलं, उरलेली अर्धी बाटली सायव्वाक्कानं स्वतः खात्याच्या साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवली, दुकानाला पुन्हा सील लागलं. आता गौडाचं दुकान पुढच्या फाट्यावर आहे, दुसऱ्याच्या नावावर. आमच्या गावातले अर्धे पुरुष संध्याकाळी मोटारसायकली काढून तिकडे जातात. पण ह्या वेळी कुणाच्या माना फिरल्या नाहीत. डॉक्टरम्मा स्वतः गावात आली, दुकान बंद झालं त्या दिवसापासून चाळीसएक जणांना मोजून गोळ्या सुरू केल्या. माझं नाव यादीत पहिलं होतं. नाव सांगताना मी त्या कागदावरच्या सहीचंही सांगितलं. अक्का शेजारी उभी होती.

"ती सही मी कधीची माफ केलीय," ती म्हणाली. "नळावर घागर उचललीस ते नाही केलं. ते अजून दोन महिने तरी करणार नाही."

वाळीत टाकणं आपोआप विरलं. लोक बोलायला लागले, एजंट पान-जर्दा घेऊन स्वतः दारात आला. लिंबारेड्डी वाटेत दिसला की तब्येत विचारतो. सायव्वाक्का मात्र त्याला उत्तर देत नाही. कमिटीतल्या कुणालाच देत नाही.

"डफडं वाजवून घातलंत," असं तिनं एकदाच सांगितलं, "डफडं वाजवून काढा. गुपचूप काढलेलं मला नको."

कमिटीनं अजून डफडं वाजवलेलं नाही. त्यात त्यांची मान खाली जाते.

परवा आम्ही दोघी निघालो होतो, मी गोळ्यांसाठी आरोग्य केंद्राकडे, ती डोक्यावर मक्याचं गाठोडं घेऊन त्याच गावच्या गिरणीकडे. आमच्या गिरणीवाल्यानं, पोशेट्टीनं, आतून हाक मारली, "सायव्वाक्का! कशाला चार मैल ओझं नेतेस? आण, दळून देतो."

अक्का थांबली. "डफडं वाजलं का रे?"

"नाही अजून."

"मग तुझी गिरणी चालू दे, पोशेट्टी. माझे पाय चालतायत."

ऊन चढलं होतं. गाठोड्यावर धरलेला तिचा हात थोडा कापत होता. तो आता इतकाच कापणार, असं डॉक्टरम्मा म्हणते. मी म्हणाले, "दे, अर्धी वाट मी घेते." तिनं गाठोडं माझ्या डोक्यावर ठेवलं, पदरानं मान पुसली आणि माझ्यापुढे चालू लागली.